पोटाखालच्या गाठी

चर्चमध्ये, रविवारच्या दहाच्या मिस्सेत, प्रवचन ऐन रंगात आलेलं असताना, त्याची ताई हसली. मोठ्यानं हसली असं नाही. नाकातून वाफ सुटावी तसा आवाज आला, तिनं लगेच रुमाल तोंडाशी नेला आणि दोनदा खोकल्यासारखं केलं. तिसऱ्या बाकावर, खांबाच्या कडेला, उजव्या डोळ्यावर प्लास्टिकची जाळीदार वाटी चिकटवून ती बसली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चौथा दिवस होता. शेजारच्या बाईनं जरा सरकून तिला जागा दिली, बाकी कुणी मान वळवली नाही. चारशे माणसांत ते हसू फक्त त्याला ऐकू आलं. तो बोलत राहिला. तीस वर्षांची सवय जिभेला होती. जीभ पुढं गेली आणि तो स्वतः मागं, तिसऱ्या बाकापाशी, अडकून पडला.

वासराचं प्रवचन होतं ते. लोक त्याच्या प्रवचनांना अशीच नावं द्यायचे: तणाचं, विहिरीचं, वासराचं. बस डेपोला खेटून असलेल्या त्या चर्चमध्ये माणसं लांबून यायची ती त्याच्या शेतावरच्या गोष्टींसाठी. ज्यांनी कुंडीतल्या रोपाखेरीज काही उगवताना पाहिलं नव्हतं तीही डोळे पुसत बाहेर पडायची. वासराची गोष्ट साधीच होती. तो सतरा वर्षांचा असताना एका दुपारी घरची गाय अडली. वासराचा एक पुढचा पाय आत दुमडलेला. वडील गुडघ्यांवर बसलेले, हात खांद्यापर्यंत आत; आणि आईनं घाई केली की म्हणायचे, थांबा, कळ येईल तेव्हाच ओढायचं, कळ नसताना ओढलं तर वासरूही जातं आणि गायही. मुलगा तेवढा चर्चकडं धावला, वेदीपुढं गुडघे टेकून बसला, आणि संध्याकाळी घरी परतला तेव्हा वासरू उभं राहून दूध पीत होतं. इथं तो जरा थांबायचा. मग हळू आवाजात म्हणायचा, देवही असाच आहे, त्याचा हात केव्हापासून आपल्यापाशी आहे, तो आपल्या कळेची वाट पाहतोय. वडिलांचं ते वाक्य तो वडिलांच्या आवाजात म्हणायचा, जरा घोगरं. ताई हसली ती नेमकी त्या वाक्याला.

जेवणाच्या टेबलावर त्यानं विचारलं, "मघाशी काय झालं तुला?"

"खोकला आला."

"खोकला नव्हता तो."

"माहितीय तर विचारतोस कशाला?" असं म्हणून ती स्वयंपाकीणबाईंकडं वळली. "बाई, तुमच्याकडचं दूध इतकं पातळ कसं हो? गायीनं त्यात अंघोळ केली काय?"

"फादर गोष्टी गायीच्या सांगतात आणि पितात पिशवीतलं," स्वयंपाकीणबाई म्हणाल्या. दोघी हसल्या. हे हसू वेगळं होतं, भरलेल्या पोटाचं. तो ते ऐकत राहिला आणि मघाच्या हसण्याशी ताडून पाहत राहिला.

साठीची होती ताई, त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी. लग्न केलं नव्हतं. आई गेली, मग वडील गेले, ती शेतावर राहिली. आधी सात गायी होत्या, आता दोन. तो वर्षातून एकदा चार दिवस जायचा, ती त्याला बसवून खाऊ घालायची, आणि तो शहरात परतताना एखादी गोष्ट घेऊन यायचा. शेणाची पाटी, मोडलेलं दावं, कोंबडीनं टाकून दिलेलं अंडं, काहीही त्याला पुरायचं. ताईनं त्याचं प्रवचन कधी ऐकलं नव्हतं. दीक्षेच्या दिवशी आली होती, पण तेव्हा बोलले होते बिशप. तीस वर्षांत ती पहिल्यांदा त्याच्यासमोर बाकावर बसली आणि हसली.

तो आठवडा त्याला कुठंच नीट बसवेना. कन्फेशनच्या खोक्यात जाळीपलीकडून कुणी नवऱ्याशी खोटं बोलल्याचं सांगत असायचं आणि त्याचं लक्ष बाहेर, कुठल्या तरी खोकल्याकडं असायचं. आजाऱ्यांना भेटायला गेला तर खाटेशी बसल्या बसल्या पाय हलत राहायचा. एका म्हातारीनं त्याचा गुडघा दाबून धरला आणि म्हणाली, "फादर, मरायला मी टेकलेय, घाई तुम्हाला का?" घरी आला की ताई खिडकीशी बसलेली असायची, बसगाड्यांच्या येण्याजाण्याकडं एका डोळ्यानं पाहत. दिवसातून चार वेळा तिच्या डोळ्यात थेंब घालायचं काम त्यानं स्वतःकडं घेतलं होतं. ती मान मागं टाकायची, तो पापणी ओढून धरायचा. लाल, ओला, नव्यानं लख्ख झालेला तो डोळा इतक्या जवळून त्याच्याकडं पाहायचा, की थेंब बाजूला पडायचा. "हात कापतोय तुझा," ती म्हणायची. "एवढी माणसं आशीर्वाद घेतात ना या हाताचा?"

छापखानेवाला कच्ची पानं देऊन गेला होता. त्याच्या धर्मगुरूपदाला येत्या महिन्यात तीस वर्षं होत होती म्हणून मंडळींनी त्याच्या प्रवचनांचं पुस्तक काढायचं ठरवलं होतं. वासराचं प्रवचन पहिलं. तो लाल पेन घेऊन बसायचा, 'वासरू उभं राहून दूध पीत होतं' या ओळीपर्यंत यायचा आणि पेन तिथंच टेकून राहायचं. मंगळवारी दुपारी कागदावर त्या जागी लाल ठिपका फुगत गेला, आणि त्याकडं पाहताना त्याला गाठी आठवल्या. सुतळीच्या गाठी. त्या संध्याकाळी गोठ्यात कंदिलाचा अपुरा उजेड होता, वासरू गायीच्या कासेला ढुशा देत होतं, आणि त्याच्या पोटाखाली सुतळीच्या तीन गाठी लोंबत होत्या. त्यानं विचारलंही होतं: हे काय बांधलंय? आई म्हणाली होती, थंडी वाजू नये म्हणून पोतं बांधलंय. बघ, देवानं तुझं ऐकलं. आणि त्यानं पाहिलं होतं. पोतं नव्हतं ते. ओलं होतं, केसाळ होतं, पाठीवर जरा सैल बसलं होतं, आणि गोठ्याच्या नेहमीच्या वासात एक दुसराही वास होता. तीस वर्षांत एकदाही त्या गाठी त्याच्या प्रवचनात आल्या नव्हत्या. तण यायचं, विहीर यायची, गव्हाणीच्या लाकडाला पडलेली भेगसुद्धा यायची. एवढी बारीक नजर असलेल्या माणसाच्या गोष्टीतून तीन गाठी कशा गळाल्या? विसरलो होतो, असं त्यानं स्वतःला सांगून पाहिलं. विसरलेली गोष्ट आठवली की माणूस दचकतो. तो दचकला नव्हता. दाराबाहेर बराच वेळ कुणी उभं असावं आणि आपण ते जाणून हळूच कडी काढावी, तसं झालं होतं.

बुधवारी बस ड्रायव्हर आला. डेपोतलाच, रुंद खांद्यांचा, खाकी सदऱ्याची वरची गुंडी कायम तुटलेली. त्याची मुलगी सातव्या महिन्यातच जन्मली होती आणि सात आठवडे हॉस्पिटलच्या काचपेटीत होती. आता घरी आली होती, शनिवारी तिचा बाप्तिस्मा होता. तो टोपी हातात फिरवत उभा राहिला. "फादर, शनिवारी वासराचं सांगाल ना?"

"वासराचंच का?"

"मी तिथं काचेपाशी उभा राहायचो ना, तेव्हा डोकं फिरायचं. वाटायचं, डॉक्टरांची मानगूट धरावी, नळ्या ओढून पोरीला घरी न्यावं. मग तुमचे बाबा आठवायचे. थांबा, कळ येईल तेव्हाच ओढायचं. मी ते मोठ्यानं म्हणायचो. नर्सबाईंना वाटायचं, याचा एक स्क्रू ढिला आहे." तो हसला. "सात आठवडे मी त्या एका वाक्यावर काढले बघा."

"शनिवारी बघू," तो म्हणाला. ड्रायव्हर गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण सबंध वेळ खुर्चीची पाठ घट्ट धरून उभे होतो.

शुक्रवारी ताईला तपासणीसाठी नेलं. बाहुली मोठी करायचे थेंब डोळ्यात घालून नर्सनं तिला दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं, अर्धा तास डोळे उघडायचे नाहीत म्हणून बजावलं. भिंतीला टेकून डोळे मिटलेल्या माणसांची रांगच बसली होती. फरशी पुसल्याचा औषधी वास येत होता, मधूनमधून कुणाचा तरी नंबर पुकारला जात होता. तो तिच्या शेजारी बसला. जाळीपलीकडून ऐकायची त्याला सवय होती. मिटल्या डोळ्यांच्या माणसाला विचारणं सोपं गेलं.

"ताई, ते वासरू कुणाचं होतं?"

"पलीकडच्या मळ्यातलं," ती म्हणाली. "त्यांची गाय विताना गेली होती. वासरू बाटलीवर होतं. आईनं जाऊन आणलं."

"आणि आपलं?"

"आपलं मेलं. पाय मी सरळ केला होता. बाबांचा हात जाडा, आत वळेना, म्हणून मी घातला हात. पाय हाताला लागला, सरळ झाला, डोकंही नीट वळलं. मी म्हणत होते, थांबा, कळ येईल तेव्हाच ओढायचं. बाबा कुठले थांबतात. आधीच एक गाय गेलेली त्या वर्षी, डोकं ठिकाणावर नव्हतं त्यांचं. दोरी बांधली आणि ओढलं. तुझ्या तोंडून बाबांना ते वाक्य बोलताना ऐकलं आणि मला हसू आलं. बाबा आणि थांबणार! चहा निवायला थांबत नव्हते ते. हसायला नको होतं. मिस्सा चालू होती."

"मग कातडं काढलं."

"बाबांनीच. लगेच काढावं लागतं, थंड झालं की निघत नाही. त्या वासरावर चढवलं, खालून सुतळी बांधली. गायीनं आपल्या वासराचा वास हुंगला आणि पाजलं. तेवढ्यात तू आलास चर्चमधून, तोंड कसं लख्ख उजळलेलं. आई म्हणाली, एवढ्यात काही बोलू नका. दुसऱ्या दिवशी म्हातारे फादर घरी आले, म्हणाले, मुलगा तीन तास गुडघ्यांवर होता, हा देवाचाच आहे. मग तू धर्मगुरू व्हायला पेटी भरलीस. पेटी भरलेल्या माणसाला काय सांगायचं?"

तीन तास. त्या तीन तासांचं मात्र त्याला आठवत होतं. तो प्रार्थना करायला धावलाच नव्हता. वडिलांनी त्याच्या हाती दावं दिलं होतं, गायीचं तोंड धरून उभं राहायचं होतं, आणि गायीचा डोळा त्याच्याकडं वळला होता, पांढरा, मोठा. त्या डोळ्यात काय होतं ते पाहायला लागू नये म्हणून त्यानं दावं टाकलं आणि पळाला. चर्च वाटेत होतं, दार उघडं होतं, आत गार होतं. पहिला तास तो नुसता वाकून ओकाऱ्या दाबत होता. मग म्हाताऱ्या फादरांची पावलं ऐकू आली तेव्हा त्यानं हात जोडले. कधी जोडले, आधी की नंतर, हे त्याला सेमिनरीत पहिल्या वर्षी नक्की ठाऊक होतं. पुढं सांगता सांगता ते पुसट होत गेलं.

"गायीला कळलं नाही?" त्यानं विचारलं.

"तिला विचारलं नाही कुणी. चार दिवसांनी कातडं सडायला लागलं, काढून पुरलं. ती त्या वासराला हुंगत राहिली, एकदा लाथ मारली. मग पुन्हा पाजायला लागली."

"का?"

"का काय? सड भरलेले होते, ते भुकेलं होतं." नर्सनं नंबर पुकारला. ताई डोळे मिटूनच उठली आणि हात पुढं केला. त्यानं तो धरला आणि तिला आत नेलं. डॉक्टर म्हणाले, डोळा छान आहे, पण अजून तीन आठवडे वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, धूळ टाळायची. ताई म्हणाली, "गायी काय तुम्हाला विचारून दूध देतात?" शेजारणीनं आठवडाभर गोठा सांभाळला होता, पण तिची सून आता बाळंत होणार होती. तो म्हणाला, "मी येतो." बोलून गेल्यावर त्याला कळलं की हे आपण बोललो. डॉक्टर पेन खाली ठेवून त्याच्या हातांकडं पाहत होते.

शनिवारी ड्रायव्हरच्या मुलीच्या कपाळावर पाणी ओतताना तिनं डोळे उघडले आणि मूठ आवळली. तळहातात मावेल एवढं डोकं, पण पकड अशी की त्याच्या झग्याची कड सोडेना. त्यानं प्रवचन दोन ओळींत आटोपलं. वासराचं सांगितलं नाही. ड्रायव्हरचा चेहरा जरा उतरला, पण नंतर अंगणात चहा घेताना त्यानं ती गोष्ट पाहुण्यांना स्वतःच सांगितली. त्याच्या गोष्टीत वडिलांनी सबंध रात्र काढली होती, बाहेर वादळ होतं, आणि वासरू जन्मल्याबरोबर चर्चची घंटा आपोआप वाजली. पाहुणे मान डोलवत होते. ज्याची ती गोष्ट होती तो कप हातात धरून दाराशी उभा होता. पुढं होऊन सांगावं, असं नव्हतं हो, असं त्याला वाटत होतं. आणि ड्रायव्हरच्या बायकोच्या खांद्यावर ती मुलगी झोपली होती, दुधाची रेघ ओठावरून हनुवटीपर्यंत वाळलेली. बायबलातला तो धाकटा भाऊ त्याला आठवला, थोरला भासावा म्हणून मनगटांना बोकडाचं कातडं बांधून आंधळ्या बापासमोर बसलेला. बापानं हात चाचपले आणि आशीर्वाद दिला, आणि दिलेला आशीर्वाद मागं घेता आला नाही. सेमिनरीत यावर त्यानं निबंध लिहिला होता, शाबासकी मिळवली होती. फसवून घेतलेल्या आशीर्वादाचं पुढं त्या भावानं काय केलं, रात्री झोप कशी लागली, हे निबंधात नव्हतं. आणि दुसरा भाऊ, ज्याच्या वाट्याचं ते होतं, तो ओरडून रडला होता. त्याच्याबद्दल निबंधात एक वाक्य होतं फक्त.

तिथूनच त्यानं छापखानेवाल्याला फोन केला, पुस्तक थांबवा म्हणून.

"चुका राहिल्यात का फादर?"

"हो."

"किती?"

"एकच आहे. पण पहिल्या पानावर सुरू होते ती शेवटपर्यंत आहे."

छापखानेवाला म्हणाला, तुमचं काही कळत नाही, पण थांबवतो. रविवारी त्यानं प्रवचनाच्या जागी बिशपचं पत्र वाचून वेळ मारून नेली आणि सोमवारी सकाळच्या बसनं दोघं शेतावर आली.

पहिल्या दिवशी गायीनं त्याला करंगळीएवढंही दूध दिलं नाही. ताई पालथ्या बादलीवर बसून शिकवत होती. "बोटं ओढू नकोस, वरून बंद करत खाली ये. घंटा वाजवतोयस काय? मान खाली घाल. डोकं तिच्या कुशीला टेकव." त्यानं टेकवलं. केस खरखरीत, आत कुठंतरी मोठं पोट कुरकुरत होतं, उष्ण. "बोलू का तिच्याशी?" त्यानं विचारलं. "बोल, पण प्रवचन नको," ताई म्हणाली. तिसऱ्या दिवशी मनगटं सुजली, बोटं मिटेनात. सकाळी पाचला उठायचं, शेण ओढायचं, वैरण टाकायची, धार काढायची. तीस वर्षं ज्या कामांवर तो बोलत आला होता त्यातलं प्रत्येक काम बोलण्याहून जास्त वेळ खात होतं, आणि ते करताना त्याला एकही उपमा सुचत नव्हती. सुचेना म्हणून आधी तो घाबरला. डोकं मोकळं ठेवायची त्याला सवयच नव्हती. रिकाम्या जागेत सारखा तोच प्रश्न येऊन बसायचा. चाळीस वर्षांपूर्वी कुणी त्याला बोलावलं होतं का? की तो पळाला आणि वाटेत चर्च लागलं एवढंच? दुसरं काही लागलं असतं, दारूचा गुत्ता किंवा बसथांबा, तर आज तो काय असता?

पाचव्या दिवशी धार काढता काढता, गायीच्या पोटाआडून, त्यानं विचारलं, "तुला कधी माझा राग आला नाही?"

"आला की," ताई सहज म्हणाली. "पाच-सहा वर्षं. तेव्हा गायी पान्हा चोरायच्या माझ्याशी. त्यांना कळतं."

"गोठा तुझ्या गळ्यात पडला म्हणून?"

ती म्हणाली, "माझं ठरलं होतं रे. तुला ठाऊक नाही. शाळेतल्या मोठ्या सिस्टरांशी बोलणं झालं होतं, त्या महिन्याच्या अखेरीला मी सिस्टर व्हायला कॉन्व्हेंटात जाणार होते. आईला ठाऊक होतं. पांढरं कापडही आणून ठेवलं होतं. मग तुझं निघालं. बाबा म्हणाले, एका घरातून देवाला एकच. दोघं गेल्यावर गोठ्याकडं कोण बघणार?"

त्याची बोटं सडांवर थांबली. गायीनं पाय बदलला.

"त्या कापडाचं काय झालं?" त्यानं विचारलं.

"उशांचे अभ्रे शिवले आईनं. तू सुट्टीत यायचास, त्याच्यावरच झोपायचास."

"आणि तुला ठाऊक होतं. वासरू मेलेलं होतं हे ठाऊक असून तू बोलली नाहीस. बोलली असतीस तर मी राहिलो असतो आणि तू गेली असतीस."

"आठ दिवस रोज तोंडापर्यंत यायचं," ताई म्हणाली. "मग म्हातारे फादर जेवायला आले. तू त्यांच्या शेजारी बसलास आणि बाबा तुझ्याकडं बघून हसले. ते वासरू आपल्या हातानं गेलं म्हणून बाबांनी आठ दिवस तोंडात घास घातला नव्हता नीट. ते हसले, जेवले. मग मी नाही बोलले. मोठेपणा वगैरे काही नव्हता त्यात. बाबांनी जेवावं असं वाटलं. नंतर वाटलं, बोलायला हवं होतं. पण तोवर तुझे केस कापून झाले होते."

तो उठला आणि तिच्यासमोर गोठ्यातच गुडघ्यांवर बसला. हजारो माणसांनी त्याच्यापाशी येऊन म्हटलेले शब्द त्याला पाठ होते, पण त्यातला एकही पुरेना. तो नुसता बसून राहिला. ताईनं हात पुढं केला, वाकायची मनाई आठवून मध्येच थांबवला.

"ऊठ," ती म्हणाली. "शेण आहे तिथं. आणि अर्धी धार ठेवू नये, कास सुजते."

तो उठला, धार पूर्ण काढली. त्या दिवशी बादली काठापासून चार बोटं खाली होती.

रविवारी ताईला मिस्सेला जायचं होतं. गावातलं चर्च तासाभराच्या वाटेवर, आणि वाट सगळी धुळीची. त्यानं स्वयंपाकघरातल्या टेबलावरचं सामान हलवलं, धुतलेली चादर अंथरली, शहरातून बरोबर आणलेली मिस्सेची छोटी पेटी उघडली. बाहेर वारा होता, खिडकी लावून घ्यावी लागली. ताई काळा रुमाल डोक्याला बांधून समोर बसली, हात धुतलेले, नखांत मात्र नेहमीची माती. त्यानं शुभवर्तमान वाचलं. त्या दिवशीचा पाठ शेतकऱ्याचा होता: तो बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो, आणि बी कसं रुजतं हे त्याचं त्याला कळत नाही. या पाठावर त्याची तीन प्रवचनं तयार होती, तिन्ही पुस्तकात घेतलेली. ताईनं हात मांडीवर ठेवले आणि ऐकायला म्हणून चेहरा वर केला. त्यानं पुस्तक मिटलं, खुर्ची ओढली आणि टेबलाच्या या बाजूला बसला.

"आज तू सांग," तो म्हणाला.

"मी काय सांगू? चालतं का असं?"

"स्वयंपाकघर तुझं आहे."

तिला ते थट्टेचं वाटलं नाही. ती बराच वेळ टेबलाच्या कडेकडं पाहत राहिली. तो वाट पाहत बसला, आणि पाय हलू नये म्हणून त्यानं गुडघ्यावर हात दाबून धरला. मग ती बोलायला लागली, गायीशी बोलावं तशी, खालच्या पट्टीत.

"हा माणूस झोपतो असं लिहिलंय. मला काही पटत नाही. पेरल्यावर पहिले आठ दिवस मला झोप लागत नाही. उठून जाते आणि माती उकरून बघते, कोंब आला का. बाबा ओरडायचे, उकरू नकोस, मोडेल. मोडतोच. दर वर्षी दोन-चार कोंब माझ्या बोटानं मोडतात. पुष्कळ वर्षं मला वाटायचं, आपल्याला विश्वास नाही म्हणून आपण उकरतो. एवढी वर्षं शेत करते, अजून मातीवर भरवसा नाही. सिस्टर झाले असते तर फुकटची सिस्टर झाले असते, असंही वाटायचं." ती थांबली, रुमालाची गाठ सैल केली. "आता तसं नाही वाटत. म्हणजे उकरते अजून. पण ज्याला त्या बियाचं काही पडलेलं नाही तो उकरायला जाईल कशाला? देव बघत असणार मला, पहाटे शेतात ओणवी. तो म्हणत असेल, मोडला बयेनं पुन्हा एक. आणि बाकीचं उगवून देतो. सगळं नाही देत. बरंचसं देतो." तिनं त्याच्याकडं पाहिलं, एक डोळा जाळीआड, एक उघडा. "झालं माझं. पुढचं म्हण."

तो उठला. पुढं आता विश्वासाची कबुली होती, तीस वर्षं दर रविवारी चारशे माणसांच्या पुढं त्यानं खणखणीत आवाजात सुरू केलेली. 'मी' म्हणून त्यानं सुरुवात केली आणि पुढचं 'विश्वास ठेवतो' त्याला म्हणता येईना. तो उभा राहिला, सुजलेले हात चादरीवर टेकून. बाहेर वाऱ्यानं कशाचं तरी दार आपटलं. ताई थोडा वेळ थांबली. मग ती टेबलाला धरून उठली आणि तिच्या रोजच्या, जराशा बसक्या आवाजात तिनंच पुढचे शब्द घेतले, सावकाश, एकेक. आणि तो अर्ध्या शब्दानं मागं राहत तिच्या पाठोपाठ म्हणत गेला.